झटक्याशिवाय घडी

४ फेब्रुवारी

आमच्या घड्याळवाल्या वन्संना,

अक्षर बघून पहिलीतल्या कुणा पोराचं पत्र चुकून तुझ्या दुकानात आलं असं समजू नकोस. तुझ्या वहिनीचंच आहे. उजव्या हाताने लिहिते आहे आणि दर दोन ओळींनंतर थांबून खांदा खाली सोडते आहे, कारण तसा हुकूम आहे.

फोन असताना पत्र कशाला, हे तू विचारणारच. तर ऐक. खांदा दुखावला त्याला सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, स्नायू फाटलेला नाही, पण चांगलाच ताणला गेलाय. ऑपरेशन नको, फिजिओथेरपी करा. मला वाटलं, शेक आणि मालीश असेल, डोळे मिटून पडायचं. गेले तर समोर पंचविशीतली पोर, इतकी बारीक की मी मनातल्या मनात तिचं नाव काडी ठेवलं. काडीने मला पडू दिलं नाही. म्हणाली, "दिवसभर हा हात कुठे असतो?" मी म्हटलं, "पोटाशी. जपते ना." तर म्हणते, "जपता म्हणूनच तो आखडतोय. त्याला रोज हलकी कामं द्या. भाजी निवडा. कोपर टेबलावर टेकून दहा मिनिटं लिहा." "काय लिहू?" "पत्र लिहा कुणाला तरी." कुणाला तरी म्हटल्यावर मला तूच आठवलीस, यात तुझा मान समज किंवा अपमान.

बाकी घरी ठीक. तुझा दादा स्वयंपाक करतो. म्हणजे स्वयंपाकघरात असतो.

एक गोष्ट मात्र फोनवर सांगता आली नाही, कारण तो शेजारीच बसलेला असतो. लॉन्ड्रीत साहेबांनी माझी जागा दहा मेपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर फिजिओचं पत्र आणलं तर माझं टेबल माझं. नाही आणलं तर मला खाली खिडकीत बसवतील, हॉस्पिटलातून येणाऱ्या मळक्या गाठोड्यांना चिठ्ठ्या बांधायला. काम हलकं आहे, बसून आहे, पगार तोच आहे. पण घड्यांच्या टेबलावर माझ्या जोडीदारणीसमोर मग दुसरी कुणीतरी उभी राहील. एकोणीस वर्षं मी त्या बाईसमोर उभी आहे गं, चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन तिच्या. तुझ्या भावासमोर तरी एवढे तास उभी राहिले असेन का?

आणि ती बया एकदा दारात येऊन गेली, तेवढीच. पाणीसुद्धा प्यायली नाही. नवी जोडीदारीण मिळाली असेल. मिळू दे.

दहा मिनिटं कधीच होऊन गेली.

तुझी,
वहिनी

११ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र दुकानातल्या भिंगातून वाचलं. अक्षर वाईट नाही. 'घ' तेवढा खांद्यात दुखावलेला दिसतो.

दादा स्वयंपाकघरात असतो हे वाचून मी इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्यांच्या घड्याळाला हसते आहे. त्याला सांग, लहानपणी दूध उतू घालायचा आणि मांजरावर ढकलायचा, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ओलं गाठोडं उचलताना खांदा दुखावला, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हाच मला म्हणायचं होतं की एवढी गाठोडी एकटीने उचलायचीच कशाला? पण दुखणाऱ्या माणसाला शहाणपण शिकवू नये. आता थोडं बरं आहे तर शिकवते.

माझ्या दुकानात बसून बसून माझीही हाडं गंजली आहेत. काडीने दिलेले व्यायाम मला लिहून पाठव. तू तिकडे कर, मी इकडे करते. नणंद-भावजयीने एकाच वेळी एकच गोष्ट विनाभांडण केली, असं आपल्या घराण्यात पहिल्यांदा होईल.

खिडकीत बसायचं की टेबलावर उभं राहायचं, हे दहा मेला ठरेल. आज फेब्रुवारी आहे. आजच खिडकीत जाऊन बसू नकोस.

तुझी,
घड्याळवाली

२० फेब्रुवारी

वन्सं,

व्यायाम तीन. पहिला, वाकून डावा हात टेबलावर टेकायचा आणि उजवा विहिरीतल्या पोहऱ्यासारखा लोंबता सोडून हलकेच झुलवायचा. दुसरा, भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, पोचू तिथे जरा थांबायचं आणि खाली यायचं. तिसरा, दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून, कोपर कमरेशी ठेवून ओढायचा. प्रत्येक दहा वेळा. दिवसातून तीनदा.

मी एकही चुकवत नाही. एका खेपेला पाऊण तास लागतो, म्हणजे दिवसाचे सव्वादोन तास मी याच उद्योगात. तुझा दादा म्हणतो, ऑलिंपिकला जातेस का?

पण वन्सं, खांदा सुधारण्याऐवजी फुगतोच आहे. सकाळी उठले की अंगात झंपर घालताना डोळ्यांत पाणी येतं. काडी म्हणाली होती, व्यायामाच्या वेळी थोडं ओढल्यासारखं होईल, ते चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. आता रोज सकाळी दुखतं. तिने तपासलं, मान हलवली, पुन्हा तपासलं. म्हणाली, "मी दिलेलं इतकं थोडं आहे की त्याने असं व्हायला नको." मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "असंच राहिलं तर मेमध्ये कामावर जाण्याचं पत्र मला देता येणार नाही."

मी तिच्यासमोर रडले नाही. जिन्यात रडले. जिन्यात कुणाचं काय जातं?

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

काल दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून मी तुझे तिन्ही व्यायाम केले. पोहरा झुलवला, मुंगी चढवली, पट्टा नव्हता म्हणून जुनी ओढणी खिडकीला बांधली. आणि मी घड्याळवाली आहे, तेव्हा वेळ लावली.

नऊ मिनिटं.

पुन्हा केले, अगदी तुझ्या वयाच्या बाईने करावेत तसे सावकाश. दहा मिनिटं. वहिनी, नऊ मिनिटांचं काम तुला पाऊण तास कसं पुरतं? मध्ये चहा घेतेस? शेजारणीशी बोलतेस? ते करत असशील तर खुशाल कर, पण मग खांदा का फुगतो?

माझ्याकडे कुणी घड्याळ मागे पडतं म्हणून आणलं की मी आधी यंत्र उघडत नाही. आधी विचारते, किल्ली कोण देतं, कधी देतं, कशी देतं. तर तू मला लिही: पोहरा झुलवताना तू 'एक' कधी म्हणतेस? 'दोन' कधी? दादाला शेजारी बसव आणि त्याला मोजू दे. पोळ्या मोजण्यापेक्षा बरं काम आहे.

लगेच लिही.

३ मार्च

वन्सं,

हसायचं नाही, आधी शपथ घे.

तुझं पत्र आलं तशी तुझ्या दादाला खुर्चीवर बसवलं. मी पोहरा झुलवला आणि मोजलं. दहा म्हटलं आणि थांबले. तुझा दादा म्हणाला, "चाळीस."

मी म्हटलं, "झोप लागली होती का?" पुन्हा केलं. पुन्हा चाळीस. तो म्हणाला, "तू चारदा हात हलवतेस आणि मग 'एक' म्हणतेस."

वन्सं, आमच्याकडे चादरीच्या चार घड्या पडतात. दोन लांबीच्या, मग एकमेकींजवळ येऊन दोन रुंदीच्या. चौथी पडली की मी 'एक' म्हणते आणि चादर गड्डीवर जाते. एकोणीस वर्षं माझा हात चारदा हलल्याशिवाय माझ्या तोंडून आकडा निघालेला नाही. मला वाटत होतं मी दहाच करते आहे. मी चाळीस करत होते, दिवसातून तीनदा, तिन्ही व्यायाम.

काडीला जाऊन सांगितलं. दवाखान्यात ती स्वतः मोजायची, त्यामुळे तिला कधी कळलंच नाही. आधी तिने तोंडावर हात धरला, मग टेबलावर डोकं टेकून हसली. मग गंभीर झाली आणि म्हणाली, "चूक माझी. घरी कसं करता, हे मी बघायलाच हवं होतं." पाच दिवस पूर्ण विश्रांती, मग पुन्हा पहिल्यापासून. मोजायचं काम तुझ्या दादाकडे. तो हातात वाटाणे घेऊन बसतो आणि एकेक वाटीत टाकतो. त्याला इतका मान आमच्या घरात आजवर मिळाला नव्हता.

मार्च गेला, असं धर. पण एप्रिल आहे.

तुला काय देऊ? खांदा बरा झाला की तुझ्या सगळ्या चादरींना अशा घड्या घालून देईन की कपाटाला लाज वाटेल.

वहिनी

१२ मार्च

वहिनी,

शपथ घेतली नव्हती, त्यामुळे हसले. दिवसभर हसले. एका आजोबांचं गजराचं घड्याळ दुरुस्त करताना आठवलं आणि स्प्रिंग उडून कुठे गेली ती अजून सापडलेली नाही. आजोबांना सांगितलं आहे, भाग मागवावा लागेल.

मीही दहाच करते आहे, खरे दहा. हे पत्र उभ्याने लिहिते आहे, काउंटरवर कागद ठेवून. असंच, बदल म्हणून.

तुझ्या जोडीदारणीबद्दल या वेळी काहीच लिहिलं नाहीस. तूच का जात नाहीस तिच्याकडे? पाय तर शाबूत आहेत.

घड्याळवाली

२८ मार्च

वन्सं,

आनंदाची बातमी. काल मी वरच्या फळीवरून डबा काढला. रिकामा होता, पण वरच्या फळीवरचा होता.

काडी खूश आहे. आता रबरी पट्टा लालवरून हिरवा झालाय, म्हणजे जास्त ताठ. मला ती म्हणाली, "आता मला तुमचं काम करून दाखवा, त्याप्रमाणे पत्र लिहिते." तिच्या दवाखान्यातली चादर घेतली, दुसऱ्या बाजूला तिलाच उभं केलं. वन्सं, ती पोर शिकलेली आहे, पण चादर धरावी कशी हे तिला ठाऊक नाही. टोक चिमटीत धरते, मेलेला उंदीर धरल्यासारखी. तरी चार घड्या घातल्या. ती म्हणाली, "हे तुम्ही करू शकाल. अपघाताच्या फॉर्मवर ओलं गाठोडं उचलताना इजा लिहिलंय, तेव्हा मी लिहिते: घड्या चालतील, वजन उचलायचं नाही." झालं. दहा मेला मी टेबलावर.

घरी तुझ्या दादासमोर सराव करते. तो प्रत्येक घडीला विचारतो, "आता मी तुझ्याकडे यायचं की तू माझ्याकडे?" तेवीस वर्षांच्या संसारात एवढ्या वेळा विचारलं असतं तर किती भांडणं वाचली असती.

पण घरच्या चादरीत मजा नाही. झटका देता येत नाही ना, वर दिवा आहे. आमच्याकडे प्रत्येक चादर घडी घालण्याआधी दोघींनी चार टोकं धरून हवेत झटकायची, फाट्कन आवाज आला पाहिजे. ज्या टेबलाचा आवाज मोठा ते टेबल खरं. आमचा झटका पार गेटपाशी ऐकू जातो. पहिल्याच दिवशी असा देईन की पलीकडच्या टेबलाला कळेल कोण आलंय ते.

जोडीदारीण परवा बाजारात दिसली. मी हात वर केला, खरोखर खांद्याच्या वर केला. तिने पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेली.

मी काय म्हटलं होतं? नवी मिळाली.

वहिनी

४ एप्रिल

वहिनी,

वरच्या फळीबद्दल अभिनंदन. आता वाईटपणा घेते.

तुझ्या पत्रात एक झटका आहे. काडीला काम करून दाखवलंस त्यात तो नाही. तिला तो माहीत आहे का?

आणि दुसरं. जानेवारीत तुझी चौकशी करायला फोन केला होता तेव्हा तू औषधाने झोपली होतीस, दादा बोलला. तो म्हणाला, "कसला तरी जाड पडदा होता म्हणे." पुढच्या फोनला तू म्हणालीस, गाठोडं. तेव्हा मला वाटलं, दादाच तो, पडद्याला गाठोडं आणि गाठोड्याला पडदा म्हणेल. आता तसं वाटत नाही.

माझ्याकडे रोज एक तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडलं." उघडावं तर आत पाणी. मी रागावत नाही. फक्त, पाणी गेलं होतं हे मला आधी सांगितलं तर मी घड्याळ वाळवते. नाही सांगितलं तर नुसता सेल बदलून देते आणि ते पंधरा दिवसांत पुन्हा बंद पडतं.

काडी तुझा सेल बदलते आहे, वहिनी.

तुझी

१६ एप्रिल

वहिनी,

बारा दिवस झाले. पत्र नाही. दादा फोनवर म्हणतो, "ती वाटाणेसुद्धा मोजू देत नाही."

रागावलीस तर रागावल्याचं लिही. हाताला तेवढाच व्यायाम.

१९ एप्रिल

वन्संबाई,

रागावले होते. चार दिवस तुझ्यावर, नंतरचे माझ्यावर.

गाठोडं नव्हतं. पडदा होता.

हॉस्पिटलात दोन खाटांच्या मध्ये लावतात ते जाड पडदे. ते इस्त्रीच्या मोठ्या रुळांमधून जात नाहीत, अर्धवट ओलेच आमच्याकडे येतात. त्या दिवशी पलीकडच्या टेबलावरच्या पोरी म्हणाल्या, "म्हाताऱ्या जोडीचा आवाज बसला." म्हाताऱ्या आम्ही. मी जोडीदारणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. चादर नको, पडदा घे, म्हटलं. मी म्हटलं, तिने नाही. ओला पडदा, दोघींनी डोक्यावर नेला आणि सगळ्या ताकदीनिशी खाली झटकला. असा आवाज झाला की भट्टीपाशी काम करणारे बाहेर आले. त्या आवाजात माझ्या खांद्यातला आवाज फक्त मलाच ऐकू आला.

पैजेपायी दुखापत झाली असं फॉर्मवर कसं लिहायचं? मी लिहिलं गाठोडं. साक्षीदार म्हणून तिला सही करायला लावली. ती म्हणाली होती, "खरं लिहू या." मी म्हटलं, "माझा खांदा गेलाय, तू सहीसुद्धा देणार नाहीस?"

तिला नवी जोडीदारीण मिळालेली नाही, वन्सं. हे मला बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं. माझ्यासमोर आली की तिला ती सही आठवते. आणि मला बरं वाटत होतं, तिच्यावर रुसायला मिळत होतं म्हणून.

आता सांगितलं तर तिच्यावरही येईल. साहेब म्हणतील, खोटी साक्ष. दोघींची टेबलं जातील. नाही सांगितलं तर दहा मेला पत्र हातात आहेच, मी टेबलावर. झटका हळू देईन म्हणते.

तू सांग. मी ऐकेनच असं नाही.

वहिनी

२३ एप्रिल

वहिनी,

आधी माझं ऐक, म्हणजे तुला एकटीला लाज वाटणार नाही.

मी पत्रं उभ्याने लिहिते कारण मला मान खाली घालता येत नाही. दिवाळं काढलंय मानेने. वर्षभर. डोळ्याला भिंग लावून वाकलं की हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात. आजोबांच्या घड्याळाची स्प्रिंग हसताना उडाली नाही. बोटांतून सुटली. तुला व्यायाम लिहून मागितले ते तुझ्या सोबतीला नाही, फुकटात माझी मान बरी होते का बघायला. नाही झाली. तो खांद्याचा व्यायाम आहे.

सोमवारी मी इथल्या फिजिओकडे गेले. हे तुझ्या पत्रानंतर. ते गृहस्थ म्हणाले, "तुमचं टेबल किती उंच आहे?" मला सांगता येईना. सतरा वर्षं त्याच टेबलाशी बसते आहे आणि दुकानात परत जाऊन मोजावं लागलं.

आता तुझं. झटका हळू देईन, असं तू लिहितेस. गेटपर्यंत आवाज नेणारी बाई तू, तू हळू देणार? पलीकडच्या पोरी एकदा हसल्या की संपलं.

आणि जोडीदारणीचं तू ठरवू नकोस. तिला विचार. एकदा तिच्या वतीने तू ठरवलंस, त्याचं काय झालं ते बघतेस ना?

तुझी,
मान ताठ असलेली

३० एप्रिल

वन्सं,

गेले. आधी तिच्याकडे. तिने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी साहेबांना सांगणार आहे. मला हे होत नाही. तू ये नाहीतर येऊ नकोस." चार महिने ती हेच ठरवत होती आणि माझी जागा जाईल म्हणून थांबत होती. मग दोघी बसलो. पाणी प्यायलो. रडण्याचं काम तिने केलं, मी पदर दिला.

दुसऱ्या दिवशी दोघी साहेबांसमोर. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी आवाज माझ्या खोलीपर्यंत आला होता. गाठोडी असा आवाज करत नाहीत. मी वाट बघत होतो, कोण आधी येतंय." दोघींना लेखी समज मिळाली, फाइलला लागली. फॉर्म नव्याने भरून घेतला. पण टेबलाबद्दल म्हणाले, "ते आता फिजिओबाई सांगतील तसं."

काडी रागावली, वन्सं. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. म्हणाली, "मी तुम्हाला त्याच जागी, त्याच झटक्याकडे परत पाठवणार होते." लिहिलेलं पत्र तिने फाडलं. मला वाटलं, खिडकी आली. तर म्हणते, "उद्या मी लॉन्ड्रीत येते. मला सगळं बघायचंय."

आली. मोजपट्टी घेऊन आली. टेबल मोजलं, मला मोजलं, जोडीदारणीला मोजलं. चादर रुळांतून बाहेर येते तिथपासून गड्डीवर जाईपर्यंत दोन तास उभी राहून पाहिलं. फाट्, फाट्, सगळीकडे चाललेलंच होतं. मग तिने विचारलं, "झटकल्याने काय होतं?"

आम्ही म्हटलं, सुरकुत्या जातात.

"पण ही तर आत्ता इस्त्रीतून आली. सुरकुती आहे कुठे?"

वन्सं, आम्ही बावीस बायका. सगळ्यांनी आपापल्या हातातल्या चादरीकडे पाहिलं. शेवटी आमच्यातली सगळ्यात जुनी म्हणाली, "पूर्वी दोरीवर वाळवायचो ना, तेव्हा झटकावं लागायचं. ते यंत्र आलं त्याला पंधरा वर्षं झाली." पंधरा वर्षं आम्ही नसलेल्या सुरकुत्या काढत होतो. मी हसायला लागले, मग जोडीदारीण, मग सगळ्या. पलीकडच्या टेबलावरची एक पोर हळूच म्हणाली, "माझा पण खांदा दुखतो रात्री." मग आणखी दोघी म्हणाल्या. काडीने वही काढली.

नवं पत्र मिळालं. झटका बंद, सगळ्यांनाच. ओले पडदे टेबलावर आणायचे नाहीत. टेबलाखाली लाकडी ठोकळे घालून ते वीतभर उंच करायचं. मी पहिला आठवडा फक्त दोन तास, दुसरा चार, आणि प्रत्येक शुक्रवारी तिला खांदा दाखवायचा; तो ठीक असेल तरच पुढे. साहेबांनी सही केली.

मानेचं टेबल किती उंच निघालं ते कळव. आणि यापुढे दुखलं तर बदल म्हणून उभी राहत जाऊ नकोस, सांगत जा.

वहिनी

४ मे

वहिनी,

टेबल चार बोटं बुटकं निघालं. सुताराने पाय जोडून दिले. आता घड्याळ माझ्याकडे येतं, मी घड्याळाकडे जात नाही. बोटांच्या मुंग्या कमी आहेत, गेलेल्या नाहीत. दर अर्ध्या तासाने उठते. गिऱ्हाइकांना वाटतं त्यांना मान देते.

नीट जा. दोन तास म्हणजे दोन तास. मी तुला ओळखते.

घड्याळवाली

११ मे

वन्सं,

काल गेले.

गणवेश घट्ट झालाय, त्याबद्दल तुझ्या दादाच्या स्वयंपाकाला जबाबदार धरता येणार नाही. इतकं ते खाववत नाही. गेटवरच्या शिपायाने हजेरीचं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाला, "आत फार शांत झालंय हो बाई. भूत असल्यासारखं वाटतं."

खरंच शांत होतं. नुसती रुळांची घरघर आणि कापडाचा सळसळाट. जोडीदारणीने टोकं माझ्या हातात दिली. दोघींचे हात सवयीने वर निघाले आणि डोक्यापाशी थांबले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि निमूट खाली आणले. पहिल्या दहा-बारा चादरींना असंच झालं. नंतर जमलं. उंच टेबलावर गड्डी ठेवायला वाकावं लागत नाही, तेही हळूहळू कळलं.

बाराला माझे दोन तास भरले. नेमक्या तेव्हाच तीन वॉर्डांच्या चादरी एकदम रुळांतून यायला लागल्या. साहेब आले आणि म्हणाले, "आजच्या दिवस तासभर थांबता का? बरं वाटतंय ना?"

बरं वाटत होतं, हीच अडचण होती. दुखत असतं तर निघणं सोपं होतं. खांदा इतका गप्प होता की मला वाटलं, एक तास काय, संध्याकाळपर्यंत उभी राहीन. समोर ढीग वाढत होता. पलीकडच्या पोरी बघत होत्या. मी एकोणीस वर्षांत अर्धी गड्डी टाकून कधी घरी गेलेले नाही, वन्सं. मला ते जमत नाही. चादर माझ्या हातात होती, दोनच घड्या झालेल्या.

जोडीदारीण आपली दोन टोकं धरून उभी होती. माझ्याकडे बघत राहिली. या वेळी माझ्या वतीने ती ठरवणार नव्हती, आणि तिच्या वतीने मीही नाही.

मी साहेबांना म्हटलं, "नाही हो. आज एवढंच." माझाच आवाज मला अनोळखी वाटला. टोकं तिच्या हातात दिली. तिने ती घेतली, चादर छातीशी धरून उरलेल्या दोन घड्या एकटीने घातल्या आणि म्हणाली, "उद्या ये."

बाहेर लख्ख ऊन होतं. भर दुपारी गणवेशात रस्त्यावर मी कधी चालले नव्हते. चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं, आणि कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मजाही वाटायला लागली.

आज सकाळी उठले आणि अंथरुणातच थोडा वेळ पडून राहिले, खांद्याची वाट बघत. त्याने काही म्हटलं नाही. हात वर नेला. तरी नाही.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं. पण साडेनऊ झाले, खाली जोडीदारीण येऊन उभी आहे आणि वर तोंड करून हाका मारते आहे. निघते.

वहिनी